खोबरेल थिजते, करडईचे तेल थिजत नाही : रेणूच्या रचनेतील फरक

प्रश्न
मी सोलापुरात बारावीला रसायनशास्त्र शिकवते. डिसेंबरच्या पहाटे खोबरेल थिजते, पण शेजारच्या बरणीतले करडईचे तेल पातळच राहते. ‘संपृक्त (कार्बन-कार्बनमध्ये सगळे एकेरी बंध असलेले) मेद घन, असंपृक्त (दुहेरी बंध असलेले) मेद द्रव’ हे मुलांना पाठ आहे. मात्र एखाद्या दुहेरी बंधाने एवढा फरक का पडावा, या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. शिवाय सुमारे नव्वद टक्के संपृक्त असलेले खोबरेल आपल्याकडे वर्षातला बराच काळ पातळ कसे असते?

उत्तर १
मॅडम, दोन्ही तेलांत ग्लिसरॉल या लहान रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. फरक त्या मेदाम्लांच्या कार्बन-शृंखलांत आहे. स्टिअरिक आम्लात 18 कार्बन आणि सगळे एकेरी बंध असल्याने शृंखला सरळ राहून एकमेकींना लगटून बसतात, म्हणून ते सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते. ओलेइक आम्लातही 18 कार्बनच आहेत, परंतु नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असून त्यावरचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असल्यामुळे शृंखला तिथे वाकते आणि वितळणबिंदू 13–14 अंशांवर येतो. करडईत मुख्यत्वे आढळणाऱ्या लिनोलेइक आम्लात असे दोन बाक आहेत. ते उणे 5 अंशांपर्यंत द्रव राहते. वर्गात ज्वारीचा कडबा न्यावा: सरळ ताटांची पेंढी घट्ट बांधली जाते, वाकड्या ताटांची सैल राहते. वितळताना रेणूंमधले आकर्षण सैल होते, रेणूतले बंध तुटत नाहीत, हेही मुलांना आवर्जून सांगावे. तिथे हमखास गोंधळ होतो.

उत्तर २
खोबरेलाचे कारण शृंखलेच्या लांबीत आहे. त्यातील प्रमुख लॉरिक आम्लात 12 कार्बनच असल्याने शृंखलांमधले आकर्षण कमी पडते आणि तेल 24 अंशांच्या आसपास वितळते.

उत्तर ३
उत्तर १ मधल्या दुहेरी बंधाच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते. इलैडिक आम्लाचे रेणुसूत्र ओलेइकचेच आहे आणि दुहेरी बंधही त्याच जागी आहे. पण हायड्रोजन विरुद्ध बाजूंना असल्याने शृंखला जवळपास सरळ राहते आणि ते सुमारे 45 अंशांना वितळते. म्हणजे केवळ दुहेरी बंध मोजून भागत नाही, त्याने शृंखला वाकते का हे पाहावे लागते. तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण करताना (म्हणजे दुहेरी बंधांवर हायड्रोजन जोडताना) असेच विरुद्ध बाजूंना हायड्रोजन असलेले, म्हणजे ट्रान्स, मेद तयार होतात, आणि जानेवारी 2022 पासून भारतात खाद्यतेले व मेदांत त्यांची मर्यादा 2 टक्के आहे.