इव्हॅन्स्टनला राहायचं की शिकागोत?

राजारामपुरीकर:
मंडळी, भाचीला नॉर्थवेस्टर्नला मास्टर्सची ॲडमिशन मिळालीय, सप्टेंबरात जाणार. कॉलेज शिकागोच्या शेजारी इव्हॅन्स्टन म्हणून गाव आहे तिथं. ताईचं एकच चाललंय, शहरातच रूम घे, गावात एकटी कशाला. कुणी राहिलंय का तिकडं?

तांबडापांढरा:
राहिलोय की, पीएचडी तिथंच केली. गाव म्हणजे कागलसारखं लांब नाही ओ, शिकागोची हद्द संपली की लगेच इव्हॅन्स्टन, वस्ती 78 हजारांच्या आसपास, शहर कधी सुटलं कळत पण नाही. पर्पल लाईनची लोकल ट्रेन पकडायची, हॉवर्ड स्टेशनला उतरून रेड लाईन धरायची की थेट डाऊनटाऊन. कॅम्पस मिशिगन लेकला चिकटूनच, त्यातला बराच भाग 1960 च्या दशकात लेकमध्ये भराव टाकून केलाय. पलीकडचा काठ दिसत नाही, रंकाळा डोक्यातनं काढा. आणि हो, गावात 1972 पर्यंत दारूविक्रीच बंद होती, ताईंना सांगा, खूश होतील 😄

मिरचीकांडप:
थंडीचं बोला की आधी! जानेवारीत लेकवरनं वारं सुटलं की शेरिडन रोडनं चालताना पापण्यांवर बर्फ धरतो. जाकीट इथनं नेऊ नका, तिकडंच घ्या, चटणी मात्र भरपूर न्या. किराण्याला डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागोतच पण जवळ, कढीपत्त्यापासनं सगळं मिळतंय.

राजारामपुरीकर:
आणि भाडं?

तांबडापांढरा:
कॅम्पसजवळ महाग. हॉवर्डच्या खाली रॉजर्स पार्क म्हणून एरिया आहे तो बघा, तिथं जरा स्वस्त पडतं आणि पत्ता शिकागोचाच, ताई पण गप.