गिधाड, गीदड आणि जटायू

भाच्याच्या हिंदीच्या वहीत काल हे सापडलं. 'गीदड की मौत आती है तो वह शहर की ओर भागता है' याचा अर्थ त्याने लिहिलाय, गिधाडाचं मरण जवळ आलं की ते शहराकडे पळतं. वर बरोबरची खूण पण आहे! गीदड म्हणजे गिधाड का? आणि जटायू मग कोण, गरुड का गिधाड? घरात दोन पार्ट्या पडल्यात.

—

गीदड म्हणजे कोल्हा हो. गिधाडाला हिंदीत गिद्ध म्हणतात. (लोमडी म्हणजे खोकड, तिथेही लोक बिनधास्त कोल्हा लिहितात.) गिधाड आलंय संस्कृत गृध्र वरून आणि गृध् म्हणजे हाव धरणे, ईशोपनिषदात 'मा गृधः कस्यस्विद्धनम्' आहे ना तोच धातू, त्यामुळे इस्टेटीवर टपलेल्या नातेवाइकांना आपण गिधाडं म्हणतो ते शब्दाला धरूनच आहे, पक्ष्यावर मात्र अन्याय, तो बिचारा मेलेल्या ढोरावर जगतो.

—

जटायू गिधाडच. रामायणात त्याला गृध्रराज म्हटलंय. तो अरुणाचा मुलगा, अरुण गरुडाचा भाऊ, म्हणजे गरुड त्याचा काका लागतो, घोळ तिथूनच होत असावा. चित्रात पण त्याला डोक्यावर भरघोस पिसं काढतात, गिधाडाची मान बघा कशी उघडी असते ते. आपल्या इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला जटायूचं स्थान आहे, म्हणजे तिथे आपण गिधाडाच्याच पाया पडतो आणि घरी येऊन तोच शब्द शिवी म्हणून वापरतो 😀

—

नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यावर असतात ती लांब चोचीची गिधाडं, कपारीत घरटं करतात. पांढऱ्या पाठीची झाडावर करतात. पिवळ्या तोंडाचं, अंगाने लहान ते पांढरं गिधाड, त्याला लोक घार समजतात. घारीच्या शेपटीला मधे खाच असते, तेवढं बघायचं.

—

आता दिसतातच किती? जनावरांना डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचायचे, ते ढोर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरायची. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली तोवर पांढऱ्या पाठीची जवळपास संपली होती. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने त्यांच्यासाठी 'उपहारगृह' केलंय, मेलेली ढोरं आणून टाकतात. शब्द ऐकून मला आधी वाटलं हॉटेल आहे.

—

धन्यवाद मंडळी. भाच्याला सांगितलं, तो म्हणतो खूण मिळालीये ना, आता कोल्हा लिहून मार्क कोण घालवणार.