नदीकाठची जुनी पेठ: आधी इमारती की आधी पायवाट?

प्रश्न
नदीकाठच्या एका लहानशा पेठेच्या पुनर्विकासाचा आराखडा माझ्यासमोर आहे. दुकानांची तोंडं रस्त्याकडे, पाठ नदीकडे. रस्ता चौपदरी, ओलांडताना म्हातारी माणसं जीव मुठीत धरतात. आराखड्यात आधी इमारती, मग वाहनतळ आणि सर्वांत शेवटी, निधी उरला तर, काठाची पायवाट. हा क्रम मला मनापासून चुकीचा वाटतो. पण गाड्या अडवल्या की गिऱ्हाईक तुटेल, ही दुकानदारांची धास्ती खरी आहे. त्यांना पोकळ धीर द्यायचा नाही. चालणाऱ्यांपासून सुरुवात केलेली उदाहरणं आहेत का?

उत्तर १
अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातलं ग्रीनव्हिल बघा. रीडी नदीचा धबधबा शहराच्या ऐन मध्यात, पण १९६० मध्ये त्याच्यावरून गाड्यांचा पूल नेला आणि तो दिसेनासाच झाला. २००२ मध्ये पूल पाडला, २००४ मध्ये तिथे फक्त पायी जाणाऱ्यांसाठी लिबर्टी ब्रिज झाला. मुख्य रस्ता मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकातच, चौपदरीचा दुपदरी करून दुतर्फा झाडं लावली होती. म्हणजे वाट आधी आणि धीर पंचवीस वर्षांचा.

उत्तर २
दुकानदारांशी बोलताना स्पेनमधल्या पोंतेवेद्राचं सांगा. १९९९ पासून त्यांनी मध्यवर्ती भाग चालणाऱ्यांना दिला, पण मालाच्या गाड्यांना ठरावीक वेळी आत सोडलं आणि वाहनतळ कडेला ठेवले. शिवाय मेट्रोच्या नकाशासारखा नकाशा काढला, त्यात कुठून कुठे चालत किती मिनिटं लागतात ते दिलं. वाहनतळापासून दुकान सहा मिनिटांवर आहे हे कागदावर दिसलं की वाद निम्मा निवळतो. माल कधी उतरवायचा, हे मात्र दुकानदारांनाच ठरवू द्या.

उत्तर ३
मी पाण्याच्या बाजूने बोलतो, कारण आराखड्यात नदी नेहमी निळ्या पट्ट्यासारखी शांत काढलेली असते. पूररेषेच्या आत पक्कं बांधकाम नको. वाट दोन पातळ्यांवर करा: खालची पुरात बुडाली तरी चालेल अशी, दगडी, पाणी ओसरल्यावर गाळ धुऊन काढता येणारी, वरची बारमाही, उताराची, चाकाच्या खुर्चीला जाता येईल अशी. दक्षिण कोरियात सेऊलमधल्या छंग्येछन ओढ्याच्या काठी जोराचा पाऊस आला की खालची वाट बंद करून माणसांना वर काढतात. ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी. आणि सांडपाण्याची गटारं आधी वळवा. वास असेल तिथे बाक मांडून कुणी बसत नाही.

प्रश्नकर्ती
गटारांचा मुद्दा माझ्या टिपणात नव्हता, पहिल्या टप्प्यात घालते. दुकानांच्या मागच्या भिंतींना नदीकडे दारं काढायचं मालकांना विचारणार आहे. भाडेकरूंचं काय, हा प्रश्न उरतोच: पेठ सुधारली की भाडं वाढतं आणि ज्यांनी पडत्या काळात दुकान उघडं ठेवलं तेच आधी बाहेर पडतात. जुन्या भाडेकरूंना ठरावीक वर्षांची हमी देणारी अट करारात कुणी घातली असेल तर तिचा मसुदा हवा आहे.