पेंडलटन कायद्यानंतरही पोस्टमास्तर पक्षाचेच

सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन देण्याच्या १८८३च्या पेंडलटन कायद्याने अमेरिकेतली पक्षाच्या माणसांना वाटली जाणारी नोकऱ्यांची खिरापत थांबली, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. कारकुनांच्या परीक्षा सुरू झाल्या हे खरं, पण गावोगावचे पोस्टमास्तर त्यानंतरही कितीतरी वर्षं खासदारांच्या शिफारशीनेच नेमले जायचे. नेत्यांच्या हातातली खरी नाडी तीच. १९१०मध्ये प्रतिनिधीगृहाचे सभापती जो कॅनन यांच्याविरुद्ध उठलेल्या स्वपक्षीय बंडखोरांच्या शिफारशी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी अडवून धरल्या होत्या. तरीही त्या बंडखोरांपैकी नॉरिस यांचा, सभापतींना नियम समितीतून वगळण्याचा ठराव १९१ विरुद्ध १५६ मतांनी मंजूर झाला आणि कॅनन यांना ही समिती, म्हणजे सभागृहात कुठलं विधेयक कधी येणार ते ठरवणारी समिती, सोडावी लागली.

टाफ्ट यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्यासारख्या सुधारणावाद्याचं मात्र जास्त वाईट वाटतं. १९१३मध्ये त्यांना लायकी पाहूनच माणसं नेमायची होती. खासदार दुखावले तर विधेयकं अडतील, असं टपाल खात्याचे प्रमुख, पोस्टमास्तर जनरल बर्लसन यांनी समजावलं, आणि विल्सन यांनी ते ऐकलं.