सोसायटीच्या मागच्या मनपा शाळेबद्दल नगरसेवकांना काय विचारायचं?

सेक्रेटरी, ए-१०१ : उद्या रविवारी सकाळी ११ वाजता क्लब हाउसमध्ये प्रभागातले नगरसेवक येतायत. पाणी, रस्ता झाला की आपल्या मागच्या मनपा शाळेचा विषय घेऊ. आपल्याकडच्या मावशींची, वॉचमनची मुलं तिथेच शिकतात. 'शाळेकडे लक्ष द्या' असं मोघम नको, नेमके प्रश्न सुचवा.

बी-३०४ : गेटवर तर 'निकाल १००%' लिहिलंय. मग अडचण कसली?

सी-५०२ : दादा, तो निकाल पास होण्याचा. पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत कायद्याने कुणाला मागे ठेवताच येत नाही, तिथे शंभर टक्के लागणारच. २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात, असा नियम आहे. त्यामुळे विचारायचंच तर या दोन वर्गांचं विचारा : पहिल्या फेरीत किती अडले, फेरपरीक्षेआधी त्यांना कुणी आणि किती दिवस शिकवलं?

बी-३०४ : मग बाकीच्या वर्गांचं कळणार कसं?

सी-५०२ : पॅट. म्हणजे नियतकालिक मूल्यांकन चाचणी. प्राथमिकच्या बहुतेक वर्गांना भाषा, गणित, इंग्रजी. आधी पायाभूत, मग संकलित १, संकलित २. गुण राज्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरले जातात, म्हणजे आकडे असतातच. फक्त शाळेची सरासरी मागू नका. पाच हुशार मुलं सरासरी वर ओढतात आणि तळातली दहा त्यात झाकली जातात. असं मागा : प्रत्येक वर्गात पटावर किती, चाचणीला बसली किती, पायाभूतमध्ये ३५ टक्क्यांच्या खाली किती होती आणि संकलित २ मध्ये त्यातली किती वर आली. मुलांची नावं अजिबात नकोत, संख्या पुरे.

डी-२०१ काका : 'पटावर किती, बसली किती' यावर अडून बसा. चाचणीच्या दिवशी कच्ची मुलं घरी राहिली तरी निकाल सुधारतो! शिवाय पेपर त्याच वर्गाचे शिक्षक तपासतात. त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही, पण पर्यवेक्षकांनी दर वर्गाचे पाच-सहा पेपर पुन्हा तपासले का आणि गुणांत किती फरक पडला, हे विचारायला हरकत नाही.

बी-३०४ : राष्ट्रीय सर्वेक्षणही होतं ना? त्यात आपली शाळा कितवी?

डी-२०१ काका : ते जिल्ह्याचं चित्र दाखवतं. ४ डिसेंबर २०२४ चं परख सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं होतं, तेही निवडक शाळांत. त्यातून एका शाळेचा नंबर निघत नाही. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल तर ग्रामीण भागाचा. उद्या कुणी हे आकडे फेकले तर विषय भरकटेल, तेवढं सांभाळा.

ए-६०३ : वाचनाचं काय? सहावीतल्या मुलांना पाटी वाचता येत नाही असं ऐकतो.

सी-५०२ : केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं माप आहे : तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. तपासायला पाच मिनिटं लागतात. न पाहिलेला उतारा द्यायचा, एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, मग उताऱ्यावर दोन प्रश्न. पाठ्यपुस्तकातला धडा दिला की मुलं पाठ म्हणतात, पान उलटं धरलं तरी! मात्र आपण वर्गात घुसून मुलांची परीक्षा घ्यायची नाही. ते काम मुख्याध्यापकांचं, आणि शाळा व्यवस्थापन समितीने त्यांच्याकडून आकडा मागायचा.

ए-६०३ : ती समिती कागदावरच असते ना?

डी-२०१ काका : बऱ्याच ठिकाणी हो. कायद्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. काम : शाळेवर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. बिघडतं ते असं : इतिवृत्त आधीच लिहिलेलं असतं आणि मुलाला सोडायला आलेल्या पालकाची गेटवर सही घेतात. तेव्हा 'बैठका होतात का' असं विचारू नका, उत्तर 'हो'च येणार. शेवटच्या तीन इतिवृत्तांत 'वाचन' किंवा 'गणित' हा शब्द आलाय का, ते विचारा. बहुतेक वेळा रंगकाम, गणवेश आणि स्नेहसंमेलन सापडेल.

बी-३०४ : शिक्षक कमी आहेत म्हणतात, ते खरं का?

सी-५०२ : शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४, २०० पर्यंत ५. पट १३२ असेल तर कायद्याने ५ हवेत. गोम संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करण्यात असते. ३० सप्टेंबरचा पट आणि त्यातही आधार जुळलेली मुलंच धरतात. नावात वेलांटीचा फरक पडला तरी मूल वर्गात असून हिशेबात नसतं. दिवाळीनंतर आलेली बांधकाम मजुरांची मुलं तर त्या वर्षी सुटतातच. म्हणून विचारा : आधार न जुळलेली मुलं किती आणि दुरुस्तीची शिबिरं सप्टेंबरच्या आत घेतली का?

डी-२०१ काका : यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, शाळेच्या फलकावर असतो, ११ अंकी, सुरुवात २७ ने. तो यूडायसच्या संकेतस्थळावर टाकला की पट, शिक्षक, सोयीसुविधा घरबसल्या दिसतात. गुण दिसत नाहीत.

ए-६०३ : पण नगरसेवक म्हणतील, शिक्षण खातं प्रशासनाचं, आमच्या हातात काय?

डी-२०१ काका : शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ दाखवा. हजेरी, शिक्षण पूर्ण होणं, दर्जा आणि शाळांच्या कामकाजावर देखरेख ही स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे महापालिकेची कर्तव्यं. मुख्यसभेत लेखी प्रश्न विचारायचा अधिकार त्यांचाच, आणि त्याचं उत्तर रेकॉर्डवर राहतं. नगरसेवकांच्या निधीच्या 'स' यादीतून बाकं आणि स्वतःच्या नावाची पाटी यापलीकडेही काही करता येतं! एका प्रभागात चार नगरसेवक, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कोण प्रश्न टाकणार ते उद्याच ठरवून घ्या.

बी-३०४ : नाहीच विचारला तर माहिती अधिकार?

डी-२०१ काका : दहा रुपये, एक अर्ज, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. पॅट आणि शिक्षकसंख्या एकाच अर्जात घातली तर फक्त पहिल्या विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. एखाद्या मुलाच्या हक्काची तक्रार असेल तर ती वेगळी, कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो.

सेक्रेटरी, ए-१०१ : एका पानावर टाइप करतो. पॅटचा तक्ता, पाचवी-आठवीची फेरपरीक्षा, आधार, इतिवृत्तं. चार कॉपी काढतो, चौघांना एकेक.

सी-५०२ : एक राहिलं. सकाळी ११ ला मावशी सगळ्यांच्या घरी भांड्यांवर असतात आणि वॉचमन ड्युटीवर. शाळेच्या समितीच्या बैठकाही याच वेळेला ठेवतात, म्हणून पालक येत नाहीत.

सेक्रेटरी, ए-१०१ : खरंय. नगरसेवकांना फोन लावतो. जमलं तर संध्याकाळी ७ ची वेळ घेतो आणि गेटवर मराठी-हिंदीत नोटीस लावतो.