मदत हवी आहे : विनिपेगमधला इरिट्रियन शेजारी, बायको-मुलगी आदिस अबाबात, वर्षाची मुदत जानेवारीत संपतेय

विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवा, पण कॅनडावाले इकडेच जास्त फिरकतात म्हणून इथे टाकतेय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक इरिट्रियन मुलगा राहतो, तिशीचा असेल. गेल्या जानेवारीत एका चर्चच्या ग्रुपने स्पॉन्सर करून आणलाय. आधी बरीच वर्षं सुदानमध्ये खार्टूम, मग एप्रिल २०२३ ला तिथे लढाई पेटल्यावर युगांडात कंपाला, आणि तिथून थेट विनिपेगच्या उणे तिशीत. पार्किंगमधल्या गाड्यांना विजेच्या वायरी लावलेल्या बघून त्याला वाटलं इथे सगळ्या गाड्या बॅटरीवरच चालतात (ब्लॉक हीटर हो, थंडीत इंजिन गोठू नये म्हणून लावतात!). कोट, बूट, भांडीकुंडी लोकांनी आणून दिली, गोदामात रात्रपाळी मिळालीये, इंग्लिशच्या क्लासला जातो. रविवारी घरी कॉफीचे दाणे तव्यावर भाजतो, एकदा त्या धुराने अख्ख्या बिल्डिंगचा अलार्म वाजला आणि सगळे चपला घालून बर्फात उभे. तेव्हापासूनच ओळख. आता भाजायच्या आधी आमची बेल वाजवून सांगून जातो आणि नंतर कॉफी न् पॉपकॉर्न घेऊन येतो, तीन कप प्यायल्याशिवाय उठू देत नाही.

तर अडचण अशी. बायको आणि मुलगी (आता सहा वर्षांची) इरिट्रियातच राहिल्या होत्या. हा पळाला तेव्हा बायको गरोदर होती. तिथे कागदावर लष्करी सेवा १८ महिन्यांची, पण १९९८ च्या इथिओपिया युद्धापासून ती संपतच नाही, लोक पन्नाशीपर्यंत त्यात अडकलेत. आणि बाहेर पडायला एक्झिट व्हिसा लागतो, तो मिळत नाही. गेल्या वर्षी ती पोरीला घेऊन बॉर्डर ओलांडून इथिओपियात आदिसला पोचली. इकडे नियम असा की निर्वासित म्हणून आलेल्याने उतरल्यापासून एका वर्षाच्या आत बायकोमुलांसाठी अर्ज करायचा, पण त्यांची नावं मूळ फॉर्ममध्ये असायला पाहिजेत. आणि तो फॉर्म खार्टूममध्ये दुसऱ्याच कोणीतरी इंग्लिशमध्ये भरला, याने फक्त सही केली. कॉपी तिथेच राहिली. बायकोचं नाव घातलं होतं हे नक्की म्हणतो, मुलीचं विचारलं की गप्प बसतो.

वर नावांचा घोळ. त्यांच्यात आडनाव नसतंच, स्वतःचं, वडलांचं, आजोबांचं असं लावतात आणि बाई लग्नानंतर नाव बदलत नाही. म्हणजे फॉर्मवर तिघांची शेवटची नावं तीन. आपल्याला लगेच कळतं हो, पण इथल्या ऑफिसरला ही तीन वेगळ्या घरातली माणसं वाटणार.

लग्नाचा कागद चर्चचा आहे, तोही गावी. इरिट्रियाच्या दूतावासातून कागद काढायचे तर आधी उत्पन्नाचे २ टक्के भरा आणि सेवा न करता गेलो याचा पश्चात्ताप आहे अशा कागदावर सही करा. याच वसुलीपायी २०१३ मध्ये कॅनडाने टोरंटोतल्या त्यांच्या कॉन्सुलला बाहेर काढलं होतं. तो म्हणतो मरेन पण सही करणार नाही, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

मूळ फॉर्म कसा बघायला मिळेल? आणि कागद नसताना नातं कसं दाखवायचं? स्पॉन्सरवाले आजीआजोबा भले आहेत पण त्यांना विचारलं की म्हणतात सगळं ठीक होईल.

प्रतिसाद : कॅलगरीचा_काका
फॅमिली स्पॉन्सरशिप टाका ना सरळ, आम्ही मिसेसची तशीच केली होती.

प्रतिसाद : मिरजकरीण
काका, तो वेगळा रस्ता, वेगळी फी. याचं वर्ष अजून बाकी आहे तर आधी तेच वापरायचं, ते एकदा गेलं की गेलं.

ताई, आपण पीआरच्या (कायम रहिवासाच्या) वेळी इमिग्रेशनकडून आपल्या फाईलच्या नोट्स काढतो ना, तेच करा. प्रायव्हसी ॲक्टखाली स्वतःची फाईल मागायला फी पण नाही. कायद्याने ३० दिवस, पण लांबतं, म्हणून आजच टाका आणि नुसत्या नोट्स नको, मूळ अर्जाची प्रत पण मागा. मात्र त्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका, तो वर्षाच्या आत इमिग्रेशनकडे पोचायला हवा. कागद का नाहीत याचं पत्र जोडा, त्यातच नावांची पद्धत दोन ओळीत लिहा. मुलीसाठी डीएनए टेस्टची तयारी आहे म्हणून कळवा, कागद नसले की ते चालतं. बायकोसाठी फोटो, पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोनचे रेकॉर्ड, लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं.

मुलीचं नाव फॉर्ममध्ये नाही निघालं तर मग वकीलच, लीगल एड मॅनिटोबाला (कमी उत्पन्नवाल्यांना कायद्याची मदत देतात) आधीच फोन करून ठेवा. आणि पैसे घेऊन फॉर्म भरून देणारा कोणी भेटला तर त्याचं लायसन्स बघा, नाहीतर खार्टूमचाच प्रकार परत.

धागाकर्ती
धन्यवाद मिरजकरीण! फाईलची विनंती आत्ताच त्याच्यासोबत बसून टाकली, त्याची रात्रपाळी आहे म्हणून घाईत. विमानभाड्याच्या सरकारी कर्जाचे हप्ते पण वर्ष झालं की सुरू होणारेत, ते वेगळंच टेन्शन. लग्नातला एक मित्र सध्या स्वीडनमध्ये आहे असं कळलं. तिथल्या नोटरीपुढे केलेलं शपथपत्र इथे चालतं का, की वर अजून काही शिक्का लागतो? स्वीडनवाले कोणी आहे का इथे?