विषय: विद्यार्थ्यांचे स्टॉल
तंत्रज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांचे तेच ते मातीचा ओलावा मोजणारे प्रकल्प असतात, ही तक्रार मला अर्धीच पटली. प्रकल्प तोच असला तरी आपला प्रश्न बदलून पाहा. आतला सेन्सर रोध (माती विजेला किती अडवते ते) मोजणारा की धारिता (विद्युतभार किती साठतो ते), हे विचारा. पहिल्या प्रकारात धातूच्या उघड्या पट्ट्यांतून सतत वीज वाहिली की विद्युतविघटनाने, म्हणजे विजेमुळे होणाऱ्या रासायनिक क्रियेने, त्या गंजतात आणि आकडे भरकटतात; दुसऱ्यात पट्ट्या झाकलेल्या असतात, म्हणून तो जास्त टिकतो. ज्यांनी तो खरंच काही आठवडे मातीत खुपसून ठेवलाय, ती पोरं यावर भरभरून बोलतात. बाकीची फलक वाचून दाखवतात!

स्थानिक उद्योगांच्या स्टॉलवर मात्र माहितीपत्रकं गोळा करण्यापेक्षा सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्ती कोण करतं, एवढंच विचारावं. आणि उद्घाटनाच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा कोणालाच धड बोलायला वेळ नसतो.